मदत हवी आहे: राजापूरकडची पाच एकर, काजू कुठे लावू आणि कुठे हात लावू नको?

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यात आमची पाच एकर सामाईक जमीन आहे. आबा गेल्यापासून नीट कसणारं कोणी नाही. मी पनवेलला, धाकटा भाऊ गावात. येत्या पावसाळ्यात काजू लावायचा हे दोघांनाही मान्य. कुठे आणि किती, यावरून गणपतीपासून जवळजवळ अबोला आहे.

वर साधारण दोन एकर सडा, उघडा कातळ. त्याखाली उतारावर दीड एकर रान: ऐन, किंजळ, कुंभा, मध्ये करवंदीच्या जाळ्या. रानाच्या पायथ्याशी झरा आणि त्याच्या पाटावर भिजणारा वीस गुंठ्यांचा मळा. उरलेल्या एकरात घर, जुने रायवळ आंबे, रातांबे.

भावाचं म्हणणं, उतारावर जेसीबी घालून मजगी (पायऱ्यांसारखे सपाट टप्पे) पाडू, सड्यावर सुरुंगाने खड्डे मारून माती भरू, सगळीकडे वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींचा काजू. सात बाय सात मीटरवर एकरी ८० कलमं, म्हणजे साडेतीन एकरांत २८०. हिशोब चुकीचा नाही. राबणार तो आहे, मी नाही, त्यामुळे मला लांबून 'निसर्ग, निसर्ग' म्हणायचा फार अधिकारही नाही.

मला धास्ती आहे ती झऱ्याची. पूर्वी तो शिमग्यापर्यंत वाहायचा आणि मळ्यात वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं दुसरं भातपीक, व्हायचं. आता संक्रांतीलाच दम तोडतो. वरचं रान काढलं तर उरलंसुरलं पाणीही जाईल असं वाटतं. सातबाऱ्यावर सडा 'पोटखराब', म्हणजे लागवडीला अयोग्य, लिहिलाय, पण पावसात त्याच्या खळग्यांत पाणी साठतं, जांभ्याच्या भेगांतून खाली जिरतं, वाडीतली गुरं दिवाळीपर्यंत तिथलं गवत खातात. श्रावणात सीतेची आसवं फुलतात तेव्हा तर पाय ठेवायला जीव होत नाही. (कातळशिल्पं आहेत का तेही शोधून झालं. आमच्या वाट्याला नाहीत!)

शिवाय काजूचा मोहोर फळायला माश्या लागतात. आमच्या सातेरीची (देशी मधमाशीची) पोळी त्याच रानातल्या ढोलीत. रान तोडून काजू लावायचा आणि मग मधपेट्या विकत आणायच्या, हे मला काही पटत नाही.

तर विचारायचं हे की उतारावरचं किती रान ठेवलं म्हणजे झऱ्याला आणि मातीला आधार राहील? रान विरळ करून मधेमधे काजू जमतो का, की सावलीत धरतच नाही? आणि भावाला पैशाच्या भाषेत कसं समजावू?

प्रतिसाद १
दादा, मी संगमेश्वरकडचा. काजूला ऊन हवंच, दाट सावलीत झाड नुसतं उंच जातं, बी धरत नाही. तेव्हा 'दोन्ही एकत्र' हा नाद सोडा. झऱ्याच्या वरचा आणि वहाळाच्या (ओढ्याच्या) दोन्ही काठांचा पट्टा जसाच्या तसा ठेवा. काजू आधी घराजवळच्या एकरात, मेलेल्या आंब्यांच्या जागी. मग रानाच्या कडेला, जिथे उतार कमी आहे तिथे. मजगी नको, प्रत्येक कलमाला अर्धचंद्राकृती आळं आणि समपातळीत चर पुरतात. सड्यावर आणून टाकलेल्या मातीचं कलम एप्रिलमध्ये पाणी मागतं, ते कुठून आणणार, एवढंच भावाला विचारा. आणि ऐन, किंजळ तोडायला वनखात्याची परवानगी लागते, १९६४ चा कायदा आहे. जेसीबीवाला हे सांगणार नाही.

प्रतिसाद २
कलमं घेण्याआधी एक अख्खा जुलै महिना वाया घालवा. भर पावसात छत्री घेऊन दोघं भाऊ जमीन फिरा, पाणी कुठून येतं आणि कुठे गढूळ होतं ते खुणा करून ठेवा. आमच्या दोन वर्षांच्या भांडणाचा निकाल तिथेच लागला.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. पाण्याचा प्रश्न भावाला फोनवर विचारला. थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मळ्यातल्या विहिरीतून पंप लावू." आता त्या विहिरीत एप्रिलमध्ये पाणी किती असतं ते काकूंना विचारून कळवतो. आळी आणि चर किती अंतरावर खोदायचे, याचा कुणाला प्रत्यक्ष अनुभव असेल तर सांगा. उतार चांगलाच तीव्र आहे, गुरंसुद्धा आडवी चालतात.