मदत हवी आहे : मशीन लर्निंगमधील नोकरी सुरू ठेवावी की पीएच.डी. करावी?

पाषाणकर :
नमस्कार. मी एका वित्तसंस्थेत जुन्या नोंदींवरून शिकून कर्ज थकण्याचा अंदाज बांधणारी संगणकीय मॉडेल्स तयार करतो, पण बहुतेक वेळ डेटा साफ करण्यातच जातो. नुकतेच एका शाखेने जन्मतारीख ठाऊक नसलेल्या सर्व ग्राहकांपुढे 01/01/1900 भरून ठेवले. मॉडेलच्या लेखी ते सगळे शंभरी ओलांडलेले कर्जदार ठरले. संशोधनाकडे वळलो तर पुढे वाव किती? अर्जाची मुदत जवळ आली आहे, कृपया लवकर सांगावे.

जुनाजाणता :
आपले शिक्षण किती, हप्ते आहेत का, पीएच.डी. इथे करणार की परदेशात, यांपैकी काहीच लिहिलेले नाही. कनिष्ठ संशोधकाची अधिछात्रवृत्ती 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे, एवढ्यावर घर चालेल का ते आधी पाहा.

मुळाकाठ :
पदवीचे एवढे स्तोम कशाला? आजच्या चॅटबॉटांमागील भाषा-मॉडेल्स ज्यावर उभी आहेत, ती ट्रान्सफॉर्मर नावाची रचना मांडणाऱ्या 2017 च्या शोधनिबंधाच्या लेखकांत निकी परमार होत्या. त्यांनी पुण्यात बी.ई. आणि अमेरिकेत एम.एस. केले होते, पीएच.डी. नव्हे.

जुनाजाणता :
त्या तेव्हा गूगलमध्ये होत्या. तिथले सहकारी आणि तिथली यंत्रसामग्री ज्याला मिळते, त्याला पदवीवाचून चालते. बाहेरून संशोधकाच्या पदासाठी अर्ज करणाऱ्याकडे मात्र पीएच.डी. आणि चांगल्या परिषदांतील निबंध बहुतेकदा मागतात.

नवशिका :
गेटची, म्हणजे अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची, तयारी आतापासूनच सुरू करा, गणित कच्चे राहू देऊ नका.

पाषाणकर :
माझे एम.टेक. झाले आहे, त्यामुळे गेटचा प्रश्न नाही. गृहकर्ज आहे, म्हणून नोकरी न सोडता मुंबईच्या आयआयटीत पीएच.डी. करण्याचा विचार आहे.

मुळाकाठ :
हे आधी सांगायला हवे होते! नोकरी करणाऱ्यांसाठी तिथे बाह्य उमेदवार हा प्रवर्ग आहे, पण त्यासाठी आपल्या संस्थेत संशोधनाची सोय असावी लागते. वित्तसंस्थेला ते जमेलसे वाटत नाही. त्यापेक्षा मॉडेल्स उभी करून चालती ठेवण्याच्या कामातच हात पक्का करा. बँकांना आणि विमा कंपन्यांना अशी माणसे लागतात.

जुनाजाणता :
तेच काम करून हे कंटाळले आहेत ना? पाषाणकर, आपल्याला नवी पद्धत शोधायची आहे, की केवळ डेटा साफ करण्यातून सुटका हवी आहे? दुसरे असेल तर पीएच.डी.तही ते काम सुटणार नाही, शिवाय तिथे ते करून द्यायला हाताखाली कोणी नसेल.

पाषाणकर :
थकबाकीच्या अंदाजात मॉडेल किती खात्रीने बोलते आहे हे मोजण्याचा एक विषय डोक्यात आहे. नोकरी करत पीएच.डी. करायला संस्थेचे संमतिपत्र मिळेल का, हे सोमवारी साहेबांना विचारतो.