‘रंगीत स्वप्नांसाठी गोळ्या सोडा’ या लेखाला उत्तर

मुठाकाठ
निशिगंध यांनी काल इथे लिहिले की, नैराश्यावरच्या गोळ्या माणसाची स्वप्ने हिरावून घेतात, आणि त्यांतलीच एस्सिटालोप्राम ही गोळी एका झटक्यात बंद केल्यावर आपल्याला इतकी रंगीत स्वप्ने पडू लागली की मन मोकळे झाल्याची खात्री पटली. त्याखाली ‘मीही आजपासून बंद करते’ अशी प्रतिक्रिया वाचली आणि गप्प बसवेना.

गोळ्यांमुळे झोप बदलते, यात वाद नाही. आसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये शिकागोत ज्या आरईएम झोपेचे (जिच्यात मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात) वर्णन केले, तिच्यात ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्ने अधिक पडतात. प्रौढांच्या झोपेत तिचा वाटा २० ते २५ टक्के असतो. नैराश्यावरच्या बहुतेक गोळ्या, म्हणजे एसएसआरआय, एसएनआरआय आणि जुन्या ट्रायसायक्लिक या गटांतल्या, ही झोप उशिरा सुरू करतात आणि कमीही करतात, तर नैराश्यावरच्याच फेनेल्झीनसारख्या जुन्या औषधाने ती जवळजवळ नाहीशी होऊ शकते. मात्र गोळी अचानक थांबवली की दाबलेली झोप उसळून परत येते. निशिगंध यांची रंगीत स्वप्ने बहुधा या उसळीची आहेत, बरे झाल्याचा तो पुरावा नव्हे. मूळ आजार परत उलटायला कधी कधी आठवडे, तर कधी महिने लागतात, आणि तोवर माणूस ‘मी सुटलो’ असे चारचौघांत सांगून बसलेला असतो.

निशिगंध
मथळा तसा असला तरी मी कोणालाही गोळ्या बंद करायला सांगितले नव्हते, माझा अनुभव लिहिला होता. माझे वडील गेल्यानंतर ते मला स्वप्नात दिसत असत: काखेत घडी घातलेला पेपर, एका हातात दुधाची पिशवी, आणि फाटकाची कडी कोपराने उघडण्याची त्यांची ती धडपड. गोळ्या सुरू झाल्या आणि ते दिसेनासे झाले. हे मी डॉक्टरांना सांगितले तेव्हा त्यांनी चिठ्ठीवरून मान वर न करता ‘झोप लागते ना?’ एवढेच विचारले. आरईएमचे टक्के मलाही वाचता येतात, मुठाकाठ. माझे काय गेले, ते त्या टक्क्यांत येत नाही.

जुना_पेठकर
ताई, वडिलांविषयी वाचून वाईट वाटले, परंतु दोष औषधाला देण्याची घाई नको. नैराश्यातच स्वप्ने कमी आठवतात, हे पूर्वीपासून नोंदलेले आहे. शिवाय झोपेचे संशोधक व्होगेल यांनी १९७५ मध्ये रुग्णांना आरईएम झोपेतून वारंवार उठवून त्यांचे नैराश्य कमी झाल्याचे दाखवले होते. ही झोप घटणे हाच उपचाराचा भाग असेल, तर तक्रार कशाची करायची?

रात्रपाळी
काका, आजारावर ढकलून हा प्रश्न मिटत नाही. २००१ साली संशोधक पेस-शॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्य नसलेल्या निरोगी माणसांना पॅरॉक्सेटीन आणि फ्लूव्होक्सामीन या एसएसआरआय गोळ्या देऊन पाहिले. त्यांना स्वप्ने कमी वेळा आठवू लागली, मात्र जी आठवली ती अधिक तीव्र वाटली. तिथे तर आजारच नव्हता. ट्रायमिप्रामीन ही जुनी गोळी आरईएम झोप फारशी दाबत नाही, तरीही नैराश्यावर चालते, त्यामुळे तुमच्या व्होगेलसाहेबांचे स्पष्टीकरणही पुरे पडत नाही. ‘स्वप्ने गेली तर काय बिघडले’ हा सूर मला मुळीच सहन होत नाही.

सोनचाफा
तुम्ही आठवण्यावरून भांडता आहात, आमच्या घरी वेगळेच घडत होते. व्हेन्लाफॅक्सीन ही एसएनआरआय गोळी सुरू झाल्यावर यजमान झोपेत लाथा झाडू लागले, आणि एका रात्री त्यांनी पलंगाशेजारच्या गोदरेजच्या कपाटावर एवढी मूठ मारली की बोटांची सालपटे निघाली. स्वप्नात कुत्रा अंगावर आला होता म्हणे. आरईएम झोपेत स्नायू ढिले पडायला हवेत, काही जणांत या औषधांमुळे ते पडत नाहीत, हे आम्हाला दुसऱ्या डॉक्टरांकडून कळले. औषध बदलल्यावर त्रास थांबला. आधी सांगितले असते तर मी निदान कपाट तरी हलवले असते.

कर्वेरोडकर
डॉक्टरांचे राहू द्या, आधी औषधाच्या दुकानांचे बोला. दिवाळीच्या सुट्टीत माझी व्हेन्लाफॅक्सीन संपली. चिठ्ठी जुनी आहे, असे सांगून दुकानदाराने एक स्ट्रिपसुद्धा दिली नाही, आणि दवाखाना भाऊबीजेनंतर उघडणार होता. त्या रात्रींत मी जी स्वप्ने पाहिली, ती शत्रूलाही पडू नयेत. अचानक बंद करू नका, असे ज्याला आम्ही सांगायचे, त्याच्या हाती गोळीच मिळत नसेल तर त्याने काय करावे?

औषधवाला
मी स्वतः दुकान चालवतो, म्हणून हे मनाला लागले. या गोळ्या शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत येतात आणि चिठ्ठीशिवाय दिल्या तर परवाना माझा जातो, तुमचा नव्हे. वर्षभरापूर्वीची, डाग पडलेली, डोस खोडून वर नवा लिहिलेली चिठ्ठी पुढे करून लोक आवाज चढवतात, आणि त्यातल्या कितीतरी जणांनी मधल्या काळात डॉक्टरांचे तोंडही पाहिलेले नसते.

कर्वेरोडकर
माझी चिठ्ठी खोडलेली नव्हती. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका.

औषधवाला
तसे असेल तर दुकानदाराने डॉक्टरांना फोन लावायला हवा होता, एवढे मी मान्य करतो. मात्र व्हेन्लाफॅक्सीन शरीरातून काही तासांत उतरू लागते, त्यामुळे एखाद-दुसरा डोस चुकला तरी जाणवतो. उलट फ्लूओक्सेटीन या गोळीचा अंश कित्येक आठवडे रेंगाळतो. ज्याची गोळी लवकर उतरते, त्याने नव्या गोळ्या आणायला स्ट्रिपमधली शेवटची गोळी संपेपर्यंत थांबूच नये.

मुठाकाठ
दुकानांच्या भांडणात मूळ मुद्दा बुडाला आहे, तरी त्यातून तोच सिद्ध झाला: कर्वेरोडकरांची भयंकर स्वप्ने आणि निशिगंध यांची रंगीत स्वप्ने बहुधा एकाच कारणाने पडली, एकाला ती छळ वाटली आणि दुसऱ्याला सुटका.

निशिगंध
उसळीचे म्हणणे मी नाइलाजाने मान्य करते आणि लेखावर तशी टीप लिहीन. परंतु स्वप्ने जाणे हे नुकसान नाहीच, असे इथे पुन्हा कोणी लिहिले तर मी पुन्हा भांडेन. सोमवारी दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. बंद केलेल्या गोळीचे काय करायचे ते त्यांना विचारीनच, पण ब्युप्रोपिऑनसारखे आरईएम झोप सहसा न दाबणारे औषध मला चालेल का, हे आधी विचारीन.

जुना_पेठकर
विचाराच, पण फिट किंवा अपस्माराचा पूर्वेतिहास असेल तर तो लपवू नका. त्या औषधात तो धोका आहे.