शब्दचर्चा : मालिका 'गुंडाळली', की तिचं 'लळीत' झालं?

रत्नागिरी :
आमच्या वाचनकट्ट्यावर 'प्रीचर' ही चित्रकथामालिका नुकतीच वाचून संपली. लेखक गार्थ एनिस, चित्रकार स्टीव्ह डिलन. १९९५ ते २००० या काळात व्हर्टिगो या अमेरिकन प्रकाशनाने तिचे ६६ अंक काढले. 'प्रौढ वाचकांसाठी' ही सूचना तिला शोभतेच. देव स्वर्ग सोडून पळालाय आणि टेक्ससमधला जेसी कस्टर नावाचा धर्मोपदेशक त्याला जाब विचारायला निघालाय, अशी कथा आहे. शेवटच्या अंकावर कट्ट्यावर जोरदार वाद झाला. निम्म्याहून जास्त जणांच्या तोंडी एकच क्रियापद होतं : 'गुंडाळली.' मला ते अन्यायाचं वाटतं. चालत नाही म्हणून दुकान गुंडाळतात, अंगाशी येते म्हणून चर्चा गुंडाळतात. त्यात अपयश आहे, नाहीतर घाई. 'उरकली' म्हटलं तर नुसतीच घाई राहते. 'आवरतं घेतलं' त्यातल्या त्यात बरं, पण एनिसने काहीच आवरतं घेतलेलं नाही. 'समारोप' भाषणाचा, 'उपसंहार' प्रबंधाचा, आणि 'सांगता' म्हटली की सोवळं आलं. पाच वर्षं देवाधर्माची यथेच्छ टवाळी करायची आणि शेवटी वाचकाचा गळा दाटून यावा, अशा शेवटाला आपल्याकडे शब्द आहे का?

गुहागर :
आहे की. लळीत. आमच्या बाजूला देवळातल्या उत्सवाच्या शेवटच्या रात्री लळिताचं कीर्तन असतं. पूर्वी त्यात सोंगं येत. भालदार-चोपदार, वासुदेव, गोंधळी, आंधळा, बहिरा. एकेक सोंग सभामंडपात यायचं, बुवांशी हुज्जत घालायचं आणि गावातल्या बड्यांची पगडी उडवायचं. देवासमोर उभं राहून हे सगळं चालायचं आणि कुणी त्याला पाखंड म्हणायचं नाही. मराठी रंगभूमीच्या पूर्वजांमध्ये लळिताचं नाव घेतात ते यामुळेच. पण माझ्या मते खरं लळीत पुढे असतं. सोंगं आत गेली की बुवांचा सूर बदलतो आणि ते देवाकडे सगळ्यांसाठी मागणं मागतात. मघाशी पोट धरून हसणारी माणसं तेव्हा हात जोडून उभी असतात. हसणं आणि हात जोडणं एकाच रात्रीतलं. तुम्ही म्हणता तो शेवट मला असाच दिसतो.

कुडाळ :
ताई, शब्द सुंदर आहे, पण इथे बसत नाही. लळीत देवाच्या साक्षीने होतं. या मालिकेच्या शेवटी देव स्वर्गात परततो, तर सेंट ऑफ किलर्स, म्हणजे मालिकेतला न मरणारा बंदूकबाज मारेकरी, त्याची वाटच बघत असतो. तो देवाला गोळी घालतो आणि त्याच्या सिंहासनावर जाऊन बसतो. मग मागणं कुणाकडे मागायचं? मी 'धयकालो' सुचवतो. आमच्या जत्रेत दशावतार रात्रभर चालतो. सुरुवातीच्या आडदशावतारात संकासुर वेद पळवतो, येईल त्याची मालवणीतून फिरकी घेतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. पुढे आख्यान लागतं आणि पहाटे दहीहंडी फुटते. त्या हंडीवरूनच अख्ख्या रात्रीच्या खेळाला धयकालो म्हणतात. 'काल धयकालो कसो झालो?' असं विचारलं तर उत्तरात सगळ्या रात्रीचा हिशेब येतो. म्हणजे शेवटाचं नाव सबंध खेळाला मिळालेलं आहे. ६६ अंकांच्या प्रवासाला हे जास्त शोभतं.

रत्नागिरी :
कुडाळकर, धयकाल्याचा मोह मलाही झाला. पण तुम्हीच म्हणता तसं ते खेळाचं नाव झालं, आणि मला हवाय तो शेवटासाठी शब्द. शिवाय सिंधुदुर्गाबाहेरच्या वाचकाला गोपाळकाला आठवेल.

देव मेल्यावर मागणं कुणाकडे, हा प्रश्न मात्र बिनतोड आहे आणि त्याचं उत्तर मला अंकातच सापडतं. जेसी त्याच्या प्रेयसीला, ट्युलिपला, 'तुझ्या काळजीपोटी' म्हणत पुन्हा मागे टाकून गेलेला असतो. ती चिडून निघून जाते. जेसी लहान असताना त्याच्या डोळ्यांदेखत वडिलांना मारलं होतं, तेव्हापासून त्याने रडणं कोंडून ठेवलेलं असतं. तो तिच्या मागे जातो आणि तिच्यासमोर रडतो. मग दोघं घोड्यावर बसून मावळतीकडे जातात. कट्ट्यावरचे काहीजण म्हणाले, हे हळवं झालं, एवढ्या शिवराळ मालिकेला हे शोभत नाही. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. इथे मागणं देवाकडे नाही, माणसाकडे आहे, आणि ते क्षमेचं आहे. आधीच्या पासष्ट अंकांत देवाला जाब विचारल्याशिवाय ते माणसाकडे मागता आलं नसतं. सोंगं गेल्यावर बुवांचा सूर बदलतो, तशीच ही जागा आहे. ज्यांनी नुसती सोंगंच बघितली त्यांना सूर बेसूर वाटणार.

कुडाळ :
हे मान्य. माणसाकडे मागणं, हे मला सुचलं नव्हतं. तरी देवाशिवाय लळीत म्हणायला जीभ अजून अडखळते.

देवगड :
दोन बारीक गोष्टी. लिहिताना 'लळीत' करा, ळी दीर्घ. प्रत्यय लागला की ऱ्हस्व होते : लळिताचं, लळितात. गरीब, गरिबाचा, तसं. 'लळित' असंही छापलेलं दिसतं, ते 'ललित'च्या वजनावर होत असावं.

दुसरं, 'शिवराळ'. शिवराळ म्हणजे तोंडात सतत शिव्या, एवढंच. या मालिकेत शिव्या आहेतच, पण तिचा स्वभाव फटकळ आहे. फटकळ माणूस समोर कोण आहे हे न बघता खरं ते बोलून मोकळा होतो. आमच्याकडे अशा म्हाताऱ्यांना लोक वचकून असतात आणि अडीअडचणीला त्यांच्याच दारात जातात. कट्ट्यावरच्या मंडळींनी मालिकेला फटकळ म्हटलं असतं, तर शेवटच्या अंकातल्या रडण्याने ती मंडळी एवढी दचकली नसती.

रत्नागिरी :
फटकळ घेतला. परीक्षणात 'फटकळ मालिकेचं लळीत' असं लिहितोय, आणि कुडाळकरांची हरकत तिथेच खाली त्यांच्या शब्दांत देतोय.