जॅब शिकण्यासाठी लॅरी होम्सच्याच लढती का पाहाव्यात?

प्रश्न : सिडकोवासी

नमस्कार. माझा मुलगा १७ वर्षांचा असून पंचवटीतील एका वर्गात बॉक्सिंग शिकतो. उंची आणि हातांची लांबी त्याला चांगली लाभली आहे, परंतु प्रतिस्पर्धी अंगावर आला की तो लांबून खेळणे सोडून गुद्दागुद्दीत उतरतो आणि हाताशी असलेला फायदा स्वतःच घालवतो, अशी त्याच्या सरांची तक्रार असते. सरांनी त्याला सांगितले आहे की अली आणि टायसन पुष्कळ पाहून झाले, आता लॅरी होम्स पाहा आणि केवळ त्याच्या डाव्या हाताकडे लक्ष ठेव.

आमच्या घरात तालमीची परंपरा आहे, बॉक्सिंगची नाही. नाशिकमध्ये कुस्तीविषयी काही विचारायचे असेल तर गल्लीत चार जाणकार भेटतात; बॉक्सिंगविषयी, त्यातही व्यावसायिक बॉक्सिंगविषयी, अधिकाराने बोलणारी माणसे मला फारशी भेटलेली नाहीत, म्हणून येथे विचारतो. होम्स सात वर्षे हेवीवेट विजेता होता असे वाचले, आणि तरीही अली, फ्रेझियर, फोरमन, टायसन यांच्या जोडीने त्याचे नाव क्वचितच घेतले जाते, याचे कारण काय असावे? त्याच्या कोणत्या लढती आधी पाहाव्यात? आणि १५ फेऱ्या लढणाऱ्या या माणसाकडून, तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्या लढणाऱ्या हौशी मुलाने नेमके काय घ्यावे?

उत्तर : गंगापूररोडकर

आपल्या मुलाच्या सरांनी नाव अगदी योग्य निवडले आहे. हेवीवेट गटातील सर्वोत्तम जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, कोणाचा, हा विषय निघाला की जाणकार ज्या दोन-तीन नावांवर येऊन थांबतात, त्यांत होम्स हमखास असतो, आणि माझ्या मते तो पहिला आहे.

त्याची पार्श्वभूमी मुलाला अवश्य सांगावी. जॉर्जिया राज्यातील कथबर्ट येथे ३ नोव्हेंबर १९४९ रोजी त्याचा जन्म झाला. घरात बारा भावंडे. कुटुंब पुढे पेन्सिल्व्हेनियातील ईस्टन या गावी येऊन राहिले, आणि सातवीतच शाळा सोडून होम्स गाड्या धुण्याच्या कामाला लागला. हौशी गटातून तो बाहेर पडला तोही मान खाली घालायला लावणाऱ्या प्रकारे. १९७२ च्या ऑलिंपिक निवड चाचणीत ड्युएन बॉबिकविरुद्ध तो प्रतिस्पर्ध्याला वारंवार मिठी मारून धरत राहिला, म्हणून पंचांनी त्याला अपात्र ठरवले. या मुलात दम नाही, असा शिक्का तेव्हाच बसला आणि तो पुसायला त्याला सहा वर्षे लागली. १९७३ मध्ये तो व्यावसायिक झाला, परंतु पोट भरले ते दुसऱ्यांच्या सरावासाठी उभे राहून. डिअर लेक येथील अलीच्या सराव शिबिरात तो अलीसमोर रोज उभा राहत असे. जो फ्रेझियरबरोबरही त्याने असाच सराव केला. विजेत्यांच्या हातून मार खाण्याचे पैसे घेत घेत त्याने त्यांचे काम जवळून पाहिले, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे खरे शिक्षण तेथेच झाले.

आता त्या डाव्या हाताविषयी. आपल्याकडे तालमीची परंपरा आहे म्हणून त्याच भाषेत सांगतो: पैलवानाला जशी खडाखडी, तसा बॉक्सरला जॅब. समोरच्याचा तोल, त्याची घाई, त्याचे अंतर हे सगळे त्यातूनच कळते आणि पुढचा डाव त्यावरच उभा राहतो. बहुतेक खेळाडू जॅब टाकतात तो चाचपणीसाठी किंवा समोरच्याला लांब ठेवण्यासाठी. होम्सचा जॅब मात्र दुखापत करण्यासाठी टाकलेला असे. लढतीची चित्रफीत संथ करून पाहिल्यास तीन गोष्टी दिसतील. पहिली म्हणजे हात निघण्यापूर्वी खांदा किंवा कोपर हलत नाही, त्यामुळे समोरच्याला सूचना मिळत नाही. दुसरी, ठोसा पोहोचत असतानाच पुढचा पाय जमिनीवर टेकतो, म्हणजे अंगाचे वजन मुठीमागे येते, आणि अगदी शेवटच्या क्षणी मूठ आत वळते. तिसरी गोष्ट मुलाने सर्वांत अधिक पाहावी अशी आहे. एक जॅब चुकला तर होम्स थांबत नाही, त्याच जागेवरून दुसरा टाकतो, कधी तिसराही, आणि समोरच्याचे डोके त्या जॅबपासून ज्या दिशेने सरकते नेमका तेथे उजवा हात येऊन पोहोचतो.

सर्वांत आधी ९ जून १९७८ रोजी लास वेगास येथे झालेली केन नॉर्टनविरुद्धची लढत पाहावी. डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेने लिऑन स्पिंक्सचे विजेतेपद काढून घेऊन ते नॉर्टनला दिले होते, आणि होम्स आव्हानवीर होता. लढतीच्या काही दिवस आधी त्याच्या डाव्या दंडाला दुखापत झाली होती. म्हणजे ज्या हातावर सगळी मदार, तोच हात अधू, आणि तरीही पहिल्या काही फेऱ्या त्याने त्याच हाताने जिंकल्या. मध्यानंतर नॉर्टन आत शिरून बरगड्यांवर मारू लागला आणि लढत बरोबरीत आली. १४ फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या तक्त्यावर दोघांचे गुण समान होते. पंधरावी फेरी मुलाला पुन्हा पुन्हा पाहायला सांगा, कारण तीत दोघेही थकून गेले आहेत, पाय उचलत नाहीत, आणि तरीही दोघांपैकी एकही जण मागे हटत नाही. दोन पंचांनी ती फेरी होम्सला दिली, एकाने नॉर्टनला, आणि एका गुणाच्या फरकाने जगज्जेतेपद होम्सकडे आले.

दुसरी लढत २८ सप्टेंबर १९७९ ची, अर्नी शेव्हर्सविरुद्धची. त्या काळातील सर्वांत जबर ठोसा शेव्हर्सचा होता, असे त्याच्याशी लढलेले खेळाडूच सांगत आले आहेत. सातव्या फेरीत त्याचा उजवा ठोसा डोक्यावर बसला आणि होम्स पाठीवर आदळला. तो उठला, उरलेला वेळ पाय आणि हात वापरून निभावला, आणि अकराव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली ती शेव्हर्सला वाचवण्यासाठी.

याच लढतीत एक धोक्याची सूचनाही आहे. होम्स डावा हात बराच खाली, कमरेच्या आसपास ठेवत असे, आणि त्या हातावरून येणारा उजवा ठोसा त्याला लागत असे. १९८१ मध्ये रेनाल्डो स्नाइप्सने त्याला पाडले तेही उजव्या हातानेच. हात खाली ठेवणे त्याला परवडले, कारण उठण्याची ताकद आणि उरलेल्या फेऱ्या त्याच्यापाशी होत्या. आपल्या मुलाने तेवढे अनुकरण करू नये.

उत्तर : देवळालीकर

वरील उत्तरातील तंत्राचे विवेचन मला पूर्ण मान्य आहे. आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाविषयी, म्हणजे होम्सचे नाव मागे का पडले याविषयी, मी थोडे लिहितो, कारण तो माणूस माझ्या विशेष आदराचा आहे आणि त्याच्यावर अन्याय झाला असे मला मनापासून वाटते.

अलीनंतर येणाऱ्या कोणाच्याही वाट्याला हेच आले असते. त्यात होम्सची लढण्याची ढब अलीसारखी दिसे, म्हणून अलीची नक्कल असेही त्याला म्हटले गेले. मग २ ऑक्टोबर १९८० रोजी दोघांची गाठ पडली. अली ३८ वर्षांचा होता, दोन वर्षांनी रिंगणात परतला होता, आणि वजन उतरवल्यामुळे दिसायला तरुण वाटत असला तरी त्याच्या अंगात काहीच उरलेले नव्हते. ज्याच्या पगारावर आपण वाढलो त्याच माणसाला फेरीमागून फेरी मारण्याची वेळ होम्सवर आली, आणि मध्येच तो हात आखडता घेऊन पंचांकडे पाहताना दिसतो. दहाव्या फेरीनंतर अलीचे प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी त्याला पुढे लढू दिले नाही. त्या रात्री होम्स रडला. जिंकून ज्याच्याविषयी लोकांचा राग ओढवला, असा विजय मला दुसरा माहीत नाही. हरला असता तर ढोंगी ठरला असता, जिंकला तर लोकांच्या लाडक्याला मारणारा ठरला.

पुढे ११ जून १९८२ रोजी गेरी कूनीविरुद्धची लढत झाली. कूनी गोरा होता, आणि जाहिरातदारांनी ती लढत गोरा विरुद्ध काळा अशीच रंगवली. विजेता असूनही होम्सचे नाव रिंगमध्ये आधी पुकारले गेले; खरे तर नंतर पुकारले जाण्याचा मान विजेत्याचा असतो. तेराव्या फेरीत कूनीचे प्रशिक्षक स्वतः दोरांच्या आत आले आणि लढत संपली. त्यानंतर दोघांत मैत्री झाली आणि ती टिकली, ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे.

एक बाजू मात्र प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. त्या काळी विजेतेपद दोन संघटनांत विभागलेले होते आणि दुसऱ्या संघटनेच्या, म्हणजे डब्ल्यूबीएच्या, विजेत्याशी होम्सची गाठ कधी पडली नाही. शिवाय १९८३ नंतर त्याने निवडलेले काही प्रतिस्पर्धी कच्चे होते. टिम विदरस्पूनने त्याला मे १९८३ मध्ये अतिशय घाम फोडला, आणि त्याच्याशी पुन्हा लढत झाली नाही. ज्यांना होम्स थोर वाटत नाही ते याच मुद्द्यावर बोट ठेवतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही.

उत्तर : सातपूरची प्रशिक्षक

मी मुलामुलींना हौशी बॉक्सिंग शिकवते, त्यामुळे आपल्या तिसऱ्या प्रश्नापुरतेच लिहिते.

तीन फेऱ्यांत वाट पाहायला वेळ नसतो. होम्स पहिल्या दोन-तीन फेऱ्या समोरच्याचा अंदाज घेण्यात घालवू शकत असे. आपल्या मुलाची तेवढ्यात लढत संपलेली असेल. म्हणून त्याने होम्सची लय घेऊ नये, सवय घ्यावी. जॅब टाकून झाल्यावर जागेवर उभे न राहता अर्धे पाऊल डावीकडे सरकणे, आणि हात ज्या वाटेने गेला त्याच वाटेने गालापर्यंत परत आणणे, एवढे जरी अंगवळणी पडले तरी जिल्हा पातळीवर फरक दिसेल. मी माझ्या मुलांना पिशवीवर एक संपूर्ण फेरी केवळ डाव्या हाताने काढायला लावते. पहिल्या मिनिटानंतर खांदा भरून येतो आणि हात खाली यायला लागतो. नेमका तेथपासून खरा सराव सुरू होतो. आपला मुलगा गुद्दागुद्दीत उतरतो याचे कारण बहुधा धैर्याची उणीव नसून खांद्याचा दम संपणे हे असेल. सरांना तेवढे तपासायला सांगावे.

प्रश्नकर्त्याची पुरवणी : सिडकोवासी

तिघांचेही मनःपूर्वक आभार. प्रशिक्षकताई, खांद्याविषयीचे आपले निरीक्षण मी सरांच्या कानावर घालतो. मुलाने नॉर्टनची लढत पाहिली आणि त्याचा पहिला प्रश्न होता की या माणसाला हरवले कोणी. दुसरा प्रश्न त्याच्या आईचा आहे: बॉक्सर शेवटी कफल्लक होतात असे ऐकतो, याचे काय झाले?

उत्तर : गंगापूररोडकर

हरवले मायकेल स्पिंक्सने, २१ सप्टेंबर १९८५ रोजी. होम्स तेव्हा ४८ लढतींत अपराजित होता आणि आणखी एक जिंकला असता तर एकदाही न हरता निवृत्त झालेल्या हेवीवेट विजेत्या रॉकी मार्सियानोच्या ४९ विजयांशी बरोबरी झाली असती. मार्सियानोची शेवटची लढत बरोबर ३० वर्षांपूर्वी त्याच तारखेला झाली होती. स्पिंक्स हा त्याच्याहून खालच्या, लाइट हेवीवेट गटाचा विजेता. त्या गटाच्या विद्यमान विजेत्याने हेवीवेट विजेतेपद मिळवल्याचे हे पहिलेच उदाहरण. त्याच्या आडव्यातिडव्या हालचालींपुढे ३५ वर्षांच्या होम्सचा डावा हात उशिरा सुटू लागला होता. पराभवानंतर होम्स मार्सियानोविषयी अतिशय कडवट बोलला, पुढे त्याबद्दल माफीही मागितली, परंतु त्याचे नाव मागे पडण्यात त्या एका संध्याकाळचाही मोठा वाटा आहे. एप्रिल १९८६ मध्ये तो पुन्हा स्पिंक्सशी लढला आणि दोन विरुद्ध एक अशा निर्णयाने हरला. तो निकाल मला आजही पटत नाही. जानेवारी १९८८ मध्ये टायसनने त्याला चौथ्या फेरीत गारद केले. ७५ लढतींत तो ठोशांनी पडून हरला असा हा एकच प्रसंग आहे.

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर आनंदाने देतो. होम्सने पैसा राखला. मोठ्या शहरात न जाता तो ईस्टनमध्येच राहिला, तेथे इमारती बांधल्या, व्यवसाय केले, गावातल्या लोकांना काम दिले. तेथील एका रस्त्याला त्याचे नाव आहे. विजेतेपद त्याने २० वेळा राखले, आणि हेवीवेट गटात त्याहून अधिक वेळा ते त्याच्यापर्यंत केवळ जो लुईने राखले होते. पण ईस्टनमध्ये राहिलेला पैसा मला त्या आकड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण या खेळात तो राखणारे फार थोडे आहेत.

मुलाला आता तिसरी लढत दाखवा, फेब्रुवारी १९९२ ची, रे मर्सरविरुद्धची. मर्सर १९८८ चा ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता आणि तोवर अपराजित. होम्स ४२ वर्षांचा, पायांत वेग नाही, सगळ्यांनी मोडीत काढलेला. तो स्वतःहून कोपऱ्यात जाऊन दोरांना टेकतो, मर्सरला जवळ येऊ देतो, आणि तेथून जॅब व त्यामागून उजवा हात टाकत गुणांवर लढत जिंकतो. समोरचा अंगावर आल्यावर लांब हातांच्या बॉक्सरने काय करावे, हा आपल्या मुलाचा मूळ प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर त्या १२ फेऱ्यांत सापडेल. आवाज बंद करून पाहू द्या. समालोचक मर्सरविषयी फार बोलतात आणि लक्ष डाव्या हातावरून हटते.