शब्दचर्चा: टाकीला रसायन ‘चालतं’, ‘सोसतं’ की ‘मानवतं’?

रसायनी_शिफ्ट

आमच्याकडे साबण, शांपू आणि फरशी धुण्याच्या द्रवांना लागणारा कच्चा माल प्लास्टिकच्या टाक्यांत साठवतात. ॲसिड स्लरी (डिटर्जंटचं आम्ल), एसएलईएस आणि बेटेन (फेस आणणारे द्रव) वगैरे. टाक्यांवर लावायच्या मराठी पाट्या आणि ऑपरेटरांसाठी सूचनापत्रक लिहायचं काम माझ्याकडे आहे. इंग्रजी पत्रकात जागोजागी ‘कम्पॅटिबल’ आहे, म्हणजे या मालाने न बिघडणारं. मसुद्यात ते असं उतरलं: ‘पृष्ठसक्रियकांचा साठा सुसंगत प्लास्टिकच्या टाकीतच करावा.’ वाचून दाखवल्यावर पहिलाच प्रश्न आला, ‘सुसंगत म्हणजे कशाशी?’ प्रश्न रास्त वाटला. ‘सुसंगत’ विधानं असतात, धोरण असतं. टाकी सुसंगत कशी असेल? दुसरा चांगला शब्द आहे का? आणि ‘पृष्ठसक्रियक’ ठेवू की काढू?

कोशवाचक

‘पृष्ठसक्रियक’ (इंग्रजीत ‘सर्फॅक्टंट’) घडण म्हणून नेटका आहे. द्रवाच्या पृष्ठावर क्रिया करणारा, पृष्ठताण उतरवणारा. रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेणारं, दुसरं तेलाकडे. पाठ्यपुस्तकात तो जरूर असावा. पाटीवर मात्र नको. पाटीवर मालाचं तेच नाव हवं जे ड्रमवर, चलनावर आणि माणसांच्या तोंडी आहे. अंधारात, घाईत, हातमोजे घालून व्हॉल्व्ह उघडणाऱ्याला गटाचं नाव उपयोगाचं नाही. ‘पृष्ठसक्रियक’ म्हटलं की ॲसिड स्लरीही आली आणि बेटेनही आलं, आणि हे दोन माल एकमेकांच्या टाकीत जाऊन चालणार नाही.

‘कम्पॅटिबल’साठी ‘अनुरूप’, ‘अनुकूल’, ‘जुळणारे’ असे पर्याय सुचतात. ‘अनुकूल’ त्यातल्या त्यात बरा.

टाक्या_देखभाल

माझं मत ‘मानवणे’ या क्रियापदाला. ‘इथलं पाणी मला मानवलं नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा पाणी विषारी आहे असं म्हणत नाही. या माणसाला, या दिवसांत, इतके दिवस प्यायल्यावर ते बाधलं, एवढंच म्हणतो. प्लास्टिक आणि सर्फॅक्टंट यांचं नातं नेमकं असंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्लांटमध्ये सगळ्यांच्या डोक्यात ‘खाणे’ हे क्रियापद बसलेलं असतं. ॲसिड लोखंड खातं. ॲसिड स्लरी साध्या लोखंडी टाकीत ठेवली तर ती खरंच लोखंड खाते, हायड्रोजन सुटतो, माल काळवंडतो. बेटेनमध्ये बनवतानाच तयार झालेलं मीठ असतं, 30 टक्क्यांच्या मालात साधारण 5 टक्के. त्यातलं क्लोराइड साध्या स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पाडतं. म्हणून प्लास्टिक घेतात, आणि ते योग्यच आहे. पॉलिइथिलीनला हे माल खात नाहीत. तुकडा महिनाभर बुडवून ठेवा, वजन तेच, रंग तोच. रासायनिक चार्टमध्ये ‘डिटर्जंट’समोर पॉलिइथिलीनला चांगला शेरा दिसतो, तो बहुतेकदा अशाच बुडवून पाहिलेल्या तुकड्याचा असतो.

पण टाकीची भिंत त्या तुकड्यासारखी मोकळी नसते, ती सतत ताणाखाली असते. 2 मीटर व्यासाची, 3 मीटर भरलेली, 10 मिलिमीटर जाडीची टाकी घ्या. मालाची घनता 1.05 धरली तर तळाजवळच्या भिंतीवर सुमारे 3 मेगापास्कल ताण येतो. एलएलडीपीई, म्हणजे टाक्यांना वापरतात ते पॉलिइथिलीन, ओढून कायमचं लांबवायला 15 मेगापास्कलच्या आसपास ताण लागतो, म्हणजे कागदावर टाकी निर्धास्त. पाणी भरलं तर ती वर्षानुवर्षं टिकतेही. सर्फॅक्टंट मात्र प्लास्टिकच्या साखळ्या तोडत नाही, ताणलेल्या जागी त्यांच्या मधल्या सैल भागात शिरतो, आणि स्फटिकांना एकमेकांशी बांधून ठेवणारे धागे हळूहळू सुटत जातात. मग एक दिवस, नेहमीपेक्षा कितीतरी कमी ताणावर, चीर जाते. प्लास्टिक लांबत नाही, फुगत नाही, मऊ पडत नाही. चिरेची कड काचेसारखी साफ असते. इंग्रजीत याला ‘एन्व्हायर्नमेंटल स्ट्रेस क्रॅकिंग’ म्हणतात. मी सूचनापत्रकात ‘ताणचीर’ लिहितो.

हे इतकं ओळखीचं आहे की पॉलिइथिलीनची ताणचीर तपासायची जी अमेरिकी चाचणी सगळीकडे चालते, एएसटीएम डी 1693, तिच्यात तपासणीचं द्रव म्हणून सर्फॅक्टंटच वापरतात: इगेपाल सीओ-630, नोनिलफेनॉल इथॉक्सिलेट. पट्टीला खाच पाडायची, वाकवून पकडीत बसवायची, 50 अंश सेल्सिअसच्या द्रवात ठेवायची आणि किती तासांत चिरते ते पाहायचं. यातली एक गोष्ट पाटी लिहिणाऱ्याने लक्षात ठेवावी. शुद्ध इगेपालपेक्षा त्याचं पाण्यातलं 10 टक्के द्रावण पट्टीला जास्त बाधतं. म्हणजे माल काढून, थोडं पाणी मारून, तळाशी साबणाचं पाणी तसंच ठेवलेली टाकी ‘धुतलेली’ नव्हे.

म्हणून ‘कम्पॅटिबल प्लास्टिक’ ही नुसती प्लास्टिकच्या नावाची गोष्ट नाही. कोणता माल, किती टक्के, किती गरम, भिंत किती जाड, ताण कुठे. ‘मानवतं’मध्ये हे सगळं मावतं. ‘अनुकूल’ म्हटलं की एकदा शेरा मिळाला, काम संपलं, असं वाटतं.

कोशवाचक

पटलं. पण पाटीवर ‘मानवते’ घरगुती वाटेल. आणि काही भागांत तो शब्द पोटापाण्यापुरताच वापरतात.

टाक्या_देखभाल

पत्रकात ‘मानवणारे प्लास्टिक’ ठेवा, समजावून सांगताना तो शब्द जिभेवर येतो. पाटीवर विशेषणच नको. तिथे हुकूम हवा. मी असं लिहीन:

‘या टाकीत फक्त एसएलईएस 28 टक्के. दुसरा कोणताही माल भरू नये. टाकी: एलएलडीपीई, मालाची घनता 1.05 पर्यंत. 40 अंशांपेक्षा गरम माल भरू नये. चीर, ओल किंवा फेस दिसल्यास भरणे थांबवा आणि सुपरवायझरला कळवा.’

आकडे तुमच्या टाकीच्या कागदांवरून घ्या, माझे उदाहरणाचे आहेत. घनतेचा आकडा मात्र गाळू नका. रोटोमोल्ड केलेल्या (फिरत्या साच्यात घडवलेल्या) पाण्याच्या टाक्यांसाठी आयएस 12701 हे मानक आहे, आणि ते पाण्यापुरतंच आहे. गच्चीवरच्या टाकीसारखी दिसते म्हणून कुणी तीच आणून रसायनाला लावू नये.

रसायनी_शिफ्ट

‘चीर’वर आमच्यात मतभेद आहे. लॉगबुकात कुणी ‘तडा’ लिहितं, कुणी ‘भेग’, कुणी ‘टाकी फुटली’. आणि ‘गळती’ हा एकच शब्द सगळ्याला.

पश्चिम_घाट

इथे मराठीची श्रीमंती वापरा, कारण प्रत्येक शब्दाला वेगळी कृती जोडता येते. ‘तडा’ काचेला किंवा भांड्याला, ठोका बसून किंवा अचानक तापून. ‘भेग’ सुकून पडते, जमिनीला, टाचेला. उन्हाने पांढुरक्या पडलेल्या प्लास्टिकला वरवरच्या भेगा पडतात. ‘चीर’ बारीक, सरळ, आरपार जाऊ शकणारी. ताणचिरेला तोच शब्द बरोबर. ‘फुटली’ फक्त खरंच फुटली तरच.

तसंच गळतीचं. ‘पाझरणे’ म्हणजे भिंत बाहेरून ओली दिसते, थेंब पडत नाही. ‘ठिबकणे’ म्हणजे थेंब मोजता येतात. ‘गळणे’ म्हणजे धार. सर्फॅक्टंटच्या टाकीत पाझर हीच खरी खबर. पाणी ज्या बारीक फटीतून येणार नाही तिथूनही हा माल वाट काढतो, कारण तो प्लास्टिकला चटकन भिजवतो. लॉगबुकात ‘नोझलखाली पाझर’ (नोझल म्हणजे टाकीला पाइप जोडायचं तोंड) एवढं लिहिलेलं असलं तर टाकी त्याच दिवशी रिकामी करायला घेता येते. ‘थोडी गळती’ लिहिलं तर लोक गॅस्केट (जोडातली चकती) आवळतात.

टाक्या_देखभाल

गॅस्केट आवळणं! हे वेगळं लिहायलाच हवं. चीर बहुतेक वेळा नोझलच्या बोल्टभोवती, तळाच्या वळणावर किंवा जिथे जड पाइप आधाराशिवाय टाकीलाच लटकलेला असतो तिथे सुरू होते. पाझर दिसला म्हणून लांब पाना घालून बोल्ट अजून आवळला की त्याच जागी ताण वाढतो, म्हणजे चीर वाढवायची तजवीज आपणच करतो. पत्रकात लिहा: ‘पाझरणाऱ्या नोझलचे बोल्ट आवळू नयेत. आधी पातळी खाली आणावी.’ पाइपला स्वतंत्र आधार आणि टाकीपाशी लवचीक जोड हवा. तळ सपाट हवा, खडा राहिला तरी तिथे ताण येतो.

मालाची पातळी दाखवणारी पारदर्शक नळी, लेव्हल ट्यूब, तीही तपासा. ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट पॉलिइथिलीनपेक्षा नाजूक असतात. मालात अल्कोहोल असेल तर ॲक्रिलिकला जाळीसारख्या बारीक चिरा जातात, आणि टाकी शाबूत राहून नळीतूनच माल जातो.

नवीन_रुजू

टाक्यांभोवती सांडलेला माल अडवायला बांधतात त्या ‘डाईक’ला मराठी काय लिहायचं? आमच्याकडे ‘संरक्षक कठडा’ लिहिलंय.

पश्चिम_घाट

‘बांध’. कठडा माणूस पडू नये म्हणून असतो, बांध आतलं पाणी आत ठेवतो. पत्रकात कारणही द्या: आतल्या सर्वांत मोठ्या टाकीचा सगळा माल मावून वर थोडी जागा उरली पाहिजे, 110 टक्के धरायची पद्धत आहे. बांधात साचलेलं पावसाचं पाणी तसंच राहिलं तर ती जागा उरत नाही. आणि बांधाचा निचरा व्हॉल्व्ह बंदच हवा. हे माल नाल्यात गेले तर फेस दिसतो तो एक भाग. माशांच्या कल्ल्यांना ते थेट इजा करतात. सांडलेल्यावर पाण्याचा फवारा मारू नये, फेस पसरतो आणि फरशी निसरडी होते. आधी रेती टाकून उचलावं.

कोशवाचक

एक शब्द राहिला, आणि माझ्या मते तो सर्वांत जास्त घातक आहे: ‘रिकामे’. आपल्याकडे निळी प्लास्टिकची पिंपं भंगारातून घरोघर जातात, टंचाईच्या गावांत पिण्याचं पाणीही त्यांत साठवतात. गेटपासवर ‘रिकामी पिंपे, 12 नग’ एवढंच लिहून ती बाहेर पडतात. त्यात बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखा जंतुनाशक सर्फॅक्टंट असेल तर आतल्या भिंतीला लागलेला थरही त्वचेला आणि डोळ्यांना बाधतो, पोटात गेला तर त्याहून वाईट. गेटपासवर ‘रिकामे’ हा शब्दच बंद करता येईल का?

रसायनी_शिफ्ट

करता येईल. ‘माल काढलेले, न धुतलेले’ आणि ‘धुऊन भोक पाडलेले’ असे दोनच रकाने ठेवतो. भोक पाडलेलं पिंप पाण्याला घेता येत नाही. पहिल्या रकान्यातलं पिंप परत पुरवठादाराकडे किंवा परवानाधारक प्रक्रिया करणाऱ्याकडेच जाईल, भंगारवाल्याकडे नाही. झाकणावरचं लेबल फाडू नये, हेही त्याच ओळीत घालतो.