रस्त्याची माहिती ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारली, आता काय करू? (नागपूर)

मानेवाडाकर:
आमच्या गल्लीत जुन्या डांबरावरच सिमेंटचा थर टाकला. रस्ता जोत्याच्या वर गेला, पावसाचं पाणी सरळ अंगणात. वर्षाच्या आत तडे. माहिती अधिकारात अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) आणि क्यूब टेस्टचे (काँक्रीटच्या मजबुतीच्या चाचणीचे) अहवाल मागितले. मुदत उलटल्यावर उत्तर आलं: कंत्राटदाराची वैयक्तिक माहिती, कलम ८(१)(ञ) प्रमाणे देता येत नाही. घरचे म्हणतात, सोड. मला सोडायचं नाही.

निवृत्त लेखापाल:
सोडू नका भाऊ. मी आयुष्यभर बांधकामाची बिलं तपासली. मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्याशिवाय बिल निघत नाही, म्हणजे कागद आहेतच. लोकांच्या पैशातून झालेल्या रस्त्याची मापं कोणाची खासगी कशी? नोव्हेंबर २०२५ पासून त्या कलमातली जनहितासाठी माहिती देण्याची सोय काढून टाकली, याचा मला फार राग आहे. जो तो आता तेच कलम पुढे करून राहिला. पण कलम ८(२) शाबूत आहे: जनहित मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. अपिलात ते लिहा. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. उत्तर उशिरा दिलं ना, मग कलम ७(६) प्रमाणे प्रती फुकट मागा.

पण आधी फाइल डोळ्यांनी पाहा. २०१८ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे महापालिका, जिल्हा परिषद अशा कार्यालयांत सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात. थराची जाडी किती लिहिली, आणि जुना थर खोदून काढल्याचे पैसे लावलेत का, एवढं टिपून घ्या. बाकीचं त्यातूनच निघतं.

वकील ताई:
माहिती अधिकाऱ्याला होणाऱ्या दंडाच्या भरवशावर राहू नका. कायद्यात रोज २५०, जास्तीत जास्त २५,००० रुपये लिहिलेत, पण तो क्वचितच लागतो. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे जातं आणि तारखेसाठी वाट पाहावी लागते, म्हणून पहिल्या सुनावणीलाच पूर्ण तयारीनं जा. कलम २(ञ) मध्ये साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही अधिकार आहे. वेगळा अर्ज करून रस्त्याचा नमुना मागा.

मानेवाडाकर:
काका, आमच्याकडे तर कोणी कुदळही लावली नव्हती! खोदकामाची नोंद आधी पाहतो. परिपत्रक सोबत न्यावं का?

निवृत्त लेखापाल:
न्याच. दोन प्रती न्या, एक टेबलावर ठेवायला. शेजारच्या कोणालातरी सोबत घ्या.