मदत हवी आहे: स्वतःचा सर्फबोर्ड पहिल्यांदाच विमानाने नेतोय, सामान कसं बांधू?

नमस्कार मंडळी,

आजवर बहुतेक भाड्याच्या फोम बोर्डवर धडपडलो. आता जुना का होईना, स्वतःचा बोर्ड आहे आणि दहा दिवसांसाठी निघतोय. आधी विमान, मग टपावर बोर्ड बांधून तीन तास गाडी. बोर्ड ७ फूट ६ इंचांचा, पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा, तीन फिनचा (फिन म्हणजे तळाला शेपटीकडे लावायचे पंख). पाणी २७-२८ अंश असतं म्हणे. तळ कुठे वाळू, कुठे प्रवाळ.

मागच्या सहलीला मित्राचा बोर्ड नेला होता. तीन टॉवेल घेतले, टोपीसुद्धा जादाची घेतली, आणि फिनचे स्क्रू घरी राहिले! दीड दिवस वाळूत बसून लोकांच्या लाटा मोजल्या. म्हणून या वेळी यादी आधीच तुमच्यापुढे टाकतोय.

घेतलेलं: ५ मिमी पॅडिंगची बोर्ड बॅग, फिन, ६ फुटी लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी), बोर्डवर पाय घसरू नये म्हणून चोळायच्या वॅक्सची एक वडी (घरात पडलेली, 'कोल्ड' म्हणजे थंड पाण्यासाठी असं लिहिलेली), ३/२ वेट सूट (पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख), रॅश गार्ड (पाण्यात घालायचा तंग शर्ट), सनस्क्रीन, बोर्ड दुरुस्तीचं रेझिन.

प्रश्न: बॅग पुरेल का? काय काढू, काय घालू? आणि फिन लावलेलेच ठेवले तर चालतील का? काढायचा कंटाळा येतो, खरं सांगतो.

प्रतिसाद १

फिन काढाच. वरून एक जड बॅग पडली की फिनसकट बॉक्स (फिन ज्यात बसतो ते बोर्डातलं घर) उखडतो, आणि ते काम वाळूत बसून होत नाही. तुमच्या बोर्डात कुठला बॉक्स आहे ते आजच बघा. एक लांब खाच आणि पुढच्या टोकाला एकच स्क्रू असेल तर फ्युचर्स नावाची पद्धत. दोन छोटे सुटे प्लग असतील तर जुना एफसीएस, म्हणजे एका फिनला दोन स्क्रू. दोन्हींना ३/३२ इंचाची ॲलन की (षटकोनी किल्ली) लागते. पाच-सहा जादा स्क्रू आणि दोन किल्ल्या घ्या, त्यातली एक किल्ली बोर्ड बॅगच्या आतल्या खिशात कायमची टाकून विसरून जा. दोन्ही पद्धतींचे फिन एकमेकांत बदलून बसत नाहीत, त्यामुळे 'तिथे कुणाकडून तरी मागू' हा बेत डोक्यातून काढा.

प्रतिसाद २

५ मिमीची बॅग गाडीतून किनाऱ्यापर्यंत न्यायला ठीक. विमानासाठी १० मिमीची बघा. ती मिळाली तरी मार बसतो तो नाकाला, शेपटीला आणि कडांना. नळावर चढवतात ती फोमची पोकळ नळी उभी चिरून कडांवर बसवा. नाकाला आणि शेपटीला टॉवेल गुंडाळा, म्हणजे तुमच्या तीन टॉवेलांचंही सार्थक होईल. लीश काढून सैल वेटोळं करून ठेवा. शेपटीला आवळून ठेवली तर तिला कायमची मुरड पडते.

पण कपडे कोंबण्याआधी विमान कंपनीचा नियम वाचा. काहींना त्या बॅगेत फक्त बोर्डच चालतो, आणि वजनाची मर्यादा बहुतेक २३ किंवा ३२ किलो असते. लांबी मोजायची ती बोर्डची नव्हे, भरलेल्या बॅगेची. पुढचं विमान लहान असेल तर तिथली मर्यादा वेगळी असू शकते. बोर्डची नोंद आधीच करून तिची प्रत जवळ ठेवा.

प्रतिसाद ३

कोल्ड वॅक्स २८ अंशांत? लोणी होईल हो त्याचं. ट्रॉपिकल, म्हणजे गरम पाण्याचं घ्या, खाली बेस कोट (कडक वॅक्सचा पहिला थर) द्या. आणि विमानाआधी जुनं वॅक्स पूर्ण खरवडून काढा, नाहीतर उन्हात तापलेल्या बॅगेत ते वितळून सगळ्या कपड्यांना लागतं. वॅक्सचा कंगवा हवाच.

वेट सूट घरी ठेवा. ३/२ म्हणजे धडाला ३ मिमी आणि हातापायांना २, त्या पाण्यात घामाने निथळाल. त्याच्या जागेत दुसरा रॅश गार्ड आणि प्रवाळासाठी पातळ तळव्याचे रीफ बूट मावतील. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडवालं घ्या. काही सनस्क्रीनमधल्या ऑक्सिबेन्झोन या रसायनामुळे प्रवाळाला इजा होते या चिंतेतून हवाईने २०२१ पासून तसल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली आहे. काखेत आणि मानेला रॅश गार्ड घासतो, त्यासाठी व्हॅसलीन.

धागाकर्ता

वेट सूट काढला, मनावर दगड ठेवून. बॉक्स फ्युचर्सचा निघाला. रेझिनबद्दल कुणीच बोललं नाही? आणि ६ फुटी लीश चालेल ना?

प्रतिसाद २

लीश बोर्डइतकी किंवा किंचित लांब हवी, तुम्हाला ८ फुटी. आखूड असेल तर पडल्यावर बोर्ड झटक्यात तुमच्याच अंगावर परत येतो. लीश बांधायची छोटी दोरीही जादा घ्या. ती शेपटीच्या कडेबाहेर लोंबकळेल इतकी लांब ठेवू नका, ताण आला की कडेत कापत जाते.

प्रतिसाद १

रेझिनच्या डबीवर ज्वलनशील लिहिलंय का बघा. पॉलिस्टर रेझिन तसंच असतं, आणि ते ना हातातल्या सामानात चालत, ना चेक-इनमध्ये. तिथे पोचून घ्या. तोवर जाड चिकटपट्टी न्या. चीर पडली की बोर्ड आधी पूर्ण वाळवायचा, मग पट्टी. ओल्यावर लावलीत तर पाणी आतच राहतं. तुमच्या पीयूला पॉलिस्टर किंवा इपॉक्सी दोन्ही चालतं. उद्या ईपीएस (थर्माकोलसारख्या फोमचा) बोर्ड घेतलात तर मात्र फक्त इपॉक्सी, पॉलिस्टरने तो फोम विरघळतो. पॉवर बँक हातातल्या सामानातच.

धागाकर्ता

८ फुटी लीश घेतली, जुनं वॅक्स खरवडतोय. टपावर बोर्ड उलटा बांधायचा की सुलटा?

प्रतिसाद ३

वॅक्सची बाजू खाली, नाक पुढे. पट्ट्या फार आवळू नका, कडा दबतात. स्क्रू घेतलेत का?

धागाकर्ता

घेतले. आठ. किल्ली बॅगेत शिवूनच टाकली.